काचेच्या भिंतीआडची प्रवाळभित्ती

मराठी घरांत प्रवाळाची ओळख पूर्वापार पोवळे या रत्नाच्या रूपाने आहे. परंतु अंगठीत किंवा माळेत दिसणारे ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका प्राण्याचा सांगाडा असतो, आणि उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात चुनखडीच्या भिंती उभारणारी प्रवाळे ही त्याची दूरची नातलग होत. या भित्तिकार प्रवाळाचा एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो बहुधा काही मिलिमीटर रुंदीचा, तोंडाभोवती शुंडकांचे कडे असलेला मऊ प्राणी असतो; आपल्या बुडाशी तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, पेला घडवतो, आणि असे असंख्य पेले पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर रचले गेले की प्रवाळभित्ती तयार होते. सागरतळाच्या एक टक्क्याहूनही कमी क्षेत्रावर पसरलेल्या या भित्तींच्या आश्रयाने ज्ञात सागरी जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याचा काही ना काही काळ काढतात.

अशा भित्तीची लहानशी प्रतिकृती घराच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीत उभी करण्याच्या छंदाला ‘रीफ टँक’ असे म्हणतात. गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश सांभाळणाऱ्या माणसाला तो आपल्याच छंदाचा पुढचा टप्पा वाटतो. परंतु गोड्या पाण्याच्या टाकीत मुख्यतः मासे सांभाळायचे असतात, तर येथे माशांआधी पाणी सांभाळायचे असते, आणि हा फरक पायऱ्यांचा नसून प्रकाराचा आहे. हा छंद योग्य की अयोग्य, आणि योग्य ठरायचा तर कोणत्या अटींवर, याची चर्चा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशा जुन्या वादपद्धतीने करणे सोयीचे आहे. पुढील संवादात पूर्वपक्ष ‘जोपासक’ मांडतो, ज्याने खाऱ्या पाण्याच्या टाक्या दीर्घकाळ सांभाळल्या आहेत. उत्तरपक्ष ‘अभ्यासक’ मांडते, जिचे काम कोकण किनाऱ्यावरच्या प्रवाळांच्या सर्वेक्षणाचे आहे.

टाकी कशासाठी?

जोपासक : समुद्राविषयी आस्था बाळगा असे सांगणे सोपे आहे, परंतु जो जीव माणसाने कधी जवळून पाहिलेला नाही त्याच्याविषयी आस्था निर्माण होत नाही. महाराष्ट्राला 700 किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा लाभलेला असूनही किनाऱ्यावरच्या शहरांत राहणाऱ्या बहुतेकांनी जिवंत प्रवाळ पाहिलेले नसते. टाकीचे दिवे मालवून तास-दोन तास झाले आणि काचेवर मंद लाल उजेड धरला, तर दिवसभर मिटून बसलेले पॉलिप शुंडके ताणून बाहेर आलेले दिसतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव शुंडकाला लागताच तेवढेच एक शुंडक वळते आणि तोंडाकडे झुकते, बाकीची तशीच पसरलेली राहतात. हे एकदा पाहिलेल्या माणसाला पुन्हा कधी प्रवाळाला दगड म्हणवत नाही. शिवाय या छंदाची परंपरा ज्ञानाची आहे. ॲना थिन या इंग्लिश बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरची प्रवाळे लंडनला नेली आणि समुद्रापासून दूर असलेल्या घरात ती जगवून दाखवली. सागरी वनस्पती आणि प्राणी यांचा समतोल घरातल्या भांड्यात साधण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयोगांत त्या प्रयोगाची गणना होते.

अभ्यासक : त्याच प्रयोगाचा दुसरा तपशीलही आपण सांगितला पाहिजे. पंप नसलेल्या त्या काळात पाण्यात हवा मिसळावी म्हणून थिनबाईंच्या घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतत असे. आज त्या मोलकरणीची जागा पंपाने आणि तिच्या श्रमांची जागा विजेने घेतली आहे, परंतु मुळातली गोष्ट तीच राहिली आहे. समुद्रात लाटा, वारा आणि भरती-ओहोटी जे काम आपोआप करतात, ते घरात कोणाला तरी अहोरात्र करावे लागते, आणि ते थांबले की टाकीतला समुद्र काही तासांत गुदमरू लागतो. मग जे पाहायला मिळते ते समुद्राचे दर्शन की यंत्रांच्या आधारावर तगवून धरलेल्या रोग्याचे दर्शन, हा प्रश्न उरतोच.

जोपासक : रोग्याची उपमा तेव्हा लागू पडेल जेव्हा टाकीतले जीव केवळ तगत असतील. नीट सांभाळलेल्या टाकीत प्रवाळ वाढते, त्याची फांदी कापून दुसऱ्या दगडावर चिकटवली तर तिची नवी वसाहत होते, आणि विदूषक माशाची जोडी दर काही दिवसांनी अंडी घालते; नर ती अंडी परांनी वारा घालत सुमारे 8 दिवस राखतो. ज्या ठिकाणी जीव वाढतो आणि प्रजनन करतो त्या ठिकाणाला रुग्णालय म्हणता येत नाही. मात्र ही अवस्था येण्यासाठी सुरुवात पाण्यापासून करावी लागते, आणि बहुतेक टाक्या नेमक्या तेथेच फसतात.

पाणी आधी, जीव नंतर

जोपासक : मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्याला वाटते, की समुद्र जवळच आहे, तर दोन कॅन भरून आणावे, परंतु शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणा घटतो, आणि ते टाकीला चालत नाही. म्हणून नळाचे पाणी आधी आरओ यंत्रातून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, आणि नंतर उरलेसुरले आयन शोषून घेणाऱ्या राळेतून गाळतात, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन, फॉस्फेट आणि विशेषतः तांब्याचा अंश पाठीचा कणा नसलेल्या सागरी जीवांना घातक असतो. या निर्मळ पाण्यात समुद्राच्या घटकांचे प्रमाण साधलेले तयार मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने विरघळवतात. 200 लिटरच्या टाकीला म्हणजे साधारण 7 किलो मीठ लागते. या खारेपणाला लवणता म्हणतात, आणि ती मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाच्या तिरप्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकून उजेडाकडे धरून पाहतात, तेव्हा निळ्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेची रेघ 35 च्या खुणेवर यावी लागते.

अभ्यासक : ही रेघ रोज सरकते, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. उरण-पेणकडच्या मिठागरांत जे घडते तेच टाकीत घडते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. 200 लिटरमधले 4 लिटर पाणी एका दिवसात उडाले, तर लवणता 35 वरून सुमारे 35.7 वर जाते, आणि तीन दिवस दुर्लक्ष झाले तर ती 37 च्या पुढे जाते. ज्या समुद्रात ही संख्या वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असते त्या समुद्रातल्या जीवाला असा चढउतार नैसर्गिक नसतो. शिवाय आरओ यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी वाया जाते. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, त्या राज्यात याचा हिशेब मांडल्याशिवाय छंदाचे समर्थन करता येणार नाही.

जोपासक : दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने करायची असते, खाऱ्या पाण्याने कधीच नाही, आणि तरंगत्या गोळ्याची कळ असलेला छोटा पंप ती थोडी थोडी करून दिवसभर करत राहतो. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी पिण्याचे नसले तरी लादी पुसणे, कपडे धुणे आणि शौचालय यांसाठी चालते, आणि जो ते बादलीत धरून ठेवत नाही त्याने हा छंद करू नये, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पाणी तयार झाले म्हणजे मासे आणायचे, ही त्यानंतरची चूक होय. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता आणि अल्कता यांचा निर्देशांक, 8.1 ते 8.4 च्या आसपास असल्यामुळे तेथे अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा अधिक असतो. एका गटाचे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे सूक्ष्मजीव नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही गट दगडांच्या छिद्राछिद्रांत वस्ती करून स्थिरावेपर्यंत साधारण 4 ते 6 आठवडे जातात. या काळात टाकीत पंप चालतो, पाणी खेळते, दगड दिसतात, आणि दाखवण्यासारखे काहीही नसते.

अभ्यासक : या मुद्द्यावर मतभेद नाही. रिकामी दिसणारी टाकी सहा आठवडे रोज मोजत राहण्याचा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती जीव देऊ नये.

मळी, चंद्र आणि वीज

जोपासक : पुढचा प्रश्न घाणीचा. समुद्रात ती विराट पाण्यात विरते, टाकीत ती साचते. त्यासाठी प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र वापरतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापला की वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, आणि ती काढली नाही तर गूळ बिघडतो. स्किमरमध्ये आच नसते, परंतु काम त्याच जातीचे चालते. अतिशय बारीक बुडबुड्यांचा खांब पाण्यातून वर चढतो, प्रथिने आणि तत्सम सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि वरच्या पेल्यात काळपट, उग्र वासाचा फेस जमतो. तो पेला दर दोन-चार दिवसांनी धुणे हे या छंदातले सर्वांत ओंगळ आणि सर्वांत आवश्यक काम आहे. खारे पाणी गोड्या पाण्याहून बारीक आणि टिकाऊ बुडबुडे धरते, म्हणूनच हे यंत्र येथे उपयोगी पडते. 1970 च्या दशकापासून जर्मनीत रूढ होत गेलेल्या ‘बर्लिन पद्धती’ने सच्छिद्र दगड आणि स्किमर यांच्या जोडीवर घरगुती प्रवाळपालन उभे केले, त्याआधी 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने चालणारी टाकी मासिकातून जगापुढे ठेवली होती.

उजेडाचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. भित्तिकार प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म सहजीवी शैवले राहतात, ती प्रकाशसंश्लेषण करून, म्हणजे उजेडाच्या बळावर अन्न बनवून, त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला देतात. पाण्यात खोलवर निळा उजेड अधिक पोहोचत असल्याने टाकीवरच्या एलईडी दिव्यांतही निळ्याचा भर ठेवतात, आणि आता हे दिवे पहाट, माध्यान्ह, संध्याकाळ आणि चंद्राच्या कलाही दाखवू शकतात.

अभ्यासक : दिव्यांचा चंद्र लावता येतो, परंतु महाराष्ट्रातला मे महिना थोपवता येत नाही. प्रवाळांना साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पंप आणि दिवे यांची उष्णता मिळवली तर उन्हाळ्यात बंद खोलीतली टाकी सहज 31-32 अंशांवर जाते, आणि मग पाणी गार करणारे चिलर हे फ्रिजच्या जातीचे यंत्र तासन्‌तास चालवावे लागते. वीज गेली तर पाण्याची हालचाल थांबते आणि प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवरचा हवापंप नसलेली टाकी भारनियमनाच्या गावात ठेवणे हा अपराधच ठरेल. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोल हवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब बोर्डात न शिरता खाली पडतो, आणि गळतीचा प्रवाह ओळखून जोडणी तोडणारी कळ हवी. पाणी, काच, दगड आणि मांडणी मिळून 200 लिटरच्या टाकीचे वजन 300 किलोच्या घरात जाते; जुन्या इमारतीत ते भिंतीलगत, तुळईच्या आधारावर ठेवायचे की नाही, हे बांधकामाच्या जाणकाराला विचारल्याखेरीज ठरवू नये.

चुन्याची निवळी

जोपासक : प्रवाळपालनाचे खरे मर्म सांगाड्याच्या रसायनात आहे. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र आणून सांगाडा घडवते. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या साठ्याचे माप म्हणजे अल्कता, आणि ती या छंदात जर्मन अंशांत मोजतात. समुद्रात कॅल्शियम लिटरला सुमारे 410 ते 420 मिलिग्रॅम आणि अल्कता सुमारे 7 अंश असते. टाकीत ती बहुधा 8 अंशांच्या आसपास ठेवतात. प्रवाळाने सांगाडा घडवताना लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम वापरले की त्याच्या जोडीने अल्कता 2.8 अंशांनी उतरते. म्हणजे कॅल्शियमचा साठा जेमतेम पाच टक्क्यांनी घटलेला असताना अल्कतेचा एक तृतीयांशाहून अधिक साठा संपलेला असतो. म्हणून जाणता माणूस कॅल्शियमच्या आधी अल्कता मोजतो. लहान बाटलीत मापाने पाणी घेऊन त्यात दर्शकाचे थेंब टाकले की ते निळसर होते, मग पिचकारीतून आम्ल थेंबाथेंबाने सोडत बाटली हलवत राहावे लागते, आणि एका थेंबाला तो निळा रंग एकाएकी गुलाबीकडे वळतो. पिचकारीवरचा तो आकडा वहीत लिहिणे हाच या छंदातला नित्यनेम.

ही तूट भरून काढण्याचा सर्वांत जुना मार्ग मराठी घरांना अपरिचित नाही. चुना शुद्ध पाण्यात कालवून स्थिर ठेवला की वर जी निवळी येते, ती रात्री उडालेल्या पाण्याच्या बदली थेंबथेंब टाकीत सोडतात. दिवे मालवल्यावर शैवले कार्बन डायऑक्साइड वापरणे थांबवतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. निवळीचा पीएच 12 च्या वर असल्यामुळे ती नेमक्या त्याच वेळी सावरण्याचे काम करते. तीच निवळी घाईने ओतली तर टाकीतले सर्व जीव दगावू शकतात. खाण्याचा चुना मात्र यासाठी वापरू नये, कारण त्यातल्या भेसळीची खात्री नसते.

अभ्यासक : आपण जे वर्णन केले त्यातूनच या जीवांचे मोठेपण सिद्ध होते. एका हाताएवढ्या प्रवाळासाठी माणसाला चूल, चंद्र, वारा आणि नदी या सर्वांची कामे वाटून घ्यावी लागतात. परंतु आता या संवादाने जो प्रश्न आतापर्यंत मागे ठेवला, तो पुढे आणला पाहिजे: हे प्रवाळ टाकीत आले कोठून?

कायदा आणि उगम

अभ्यासक : भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 आहे, आणि 2001 मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-हत्तींच्या पंक्तीत, भित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे घातले गेले; समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच वेळी संरक्षित झाल्या. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी कठीण प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. अशा जीवाला पकडणे किंवा बाळगणे या गुन्ह्याला किमान 3 वर्षे आणि कमाल 7 वर्षे कारावासाची तरतूद आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही या कायद्याबाहेर नाही. परदेशातून आणायचे म्हटले तरी कठीण प्रवाळे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणून परवान्यांशिवाय त्यांची ने-आण होऊ शकत नाही. मुंबईच्या किनारी मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअली परिसरातल्या प्रवाळांच्या 18 वसाहती 2020 मध्ये दुसरीकडे हलवल्या गेल्या, तेव्हा शासकीय प्रकल्पालाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडे सोपवावे लागले. जे राज्ययंत्रणेला परवानगीवाचून करता येत नाही, ते दुकानातल्या पिशवीतून घरी आणणे कोणत्या न्यायाने क्षम्य ठरेल?

जोपासक : कोणत्याही न्यायाने नाही. यापुढे पूर्वपक्षाने आपला दावा आखडता घेणे हेच प्रामाणिकपणाचे होईल. समुद्रातून उचललेला दगडही येथे गैर आहे, कारण तो बहुधा जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. मातीच्या भट्टीतले सच्छिद्र दगड किंवा सिमेंटचे साचे सूक्ष्मजीवांना तितकेच मानवतात. परंतु मासे आणि शैवले यांची टाकी, किंवा घरात वाढवलेल्या जीवांची टाकी, हा याहून वेगळा प्रश्न आहे.

अभ्यासक : वेगळा असला तरी तोच निकष लावावा लागेल. गोड्या पाण्यातले बाजारातले बहुतेक मासे पैदास केंद्रांतून येतात. समुद्री शोभिवंत माशांपैकी बहुसंख्य मात्र आजही समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून मासे गुंगवून पकडण्यासाठी भित्तीवर सायनाइड फवारण्याची रीत पसरली; त्यात मासा निसटला तरी आसपासचे पॉलिप मरतात, आणि पकडलेला मासा माणसाच्या घरी पोहोचला तरी पुढे अनेकदा काही आठवड्यांत दगावतो. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवती आढळणारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांगाई कार्डिनल मासा टाकीवाल्यांच्या मागणीमुळेच संकटात आला, आणि 2007 मध्ये तो संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत नोंदवला गेला.

जोपासक : आणि त्याच माशाची पैदास टाकीत सहज होते, हेही तितकेच खरे आहे, मागणी जर पैदाशीच्या माशाकडे वळली तर समुद्रावरचा ताण घटतो. विदूषक मासा तर त्याचे आदर्श उदाहरण आहे. या माशांच्या गटातली सर्वांत मोठी ती मादी आणि तिच्याखालचा तो नर असतो, मादी मेली तर नरच मादी होतो; हा स्वभाव जाणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या संस्थांनी देशात त्याची पैदास बसवली. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची पिल्ले वाढवण्याचे काम होते, आणि लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर स्त्रियांचे गट शोभिवंत कोळंबी वाढवतात. अशा ठिकाणचा मासा विकत घेणारा माणूस भित्तीचे काही हिरावून घेत नाही, उलट किनाऱ्यावरच्या कुटुंबाला समुद्र राखण्याचे एक कारण देतो.

अभ्यासक : एवढे मान्य, परंतु एका पथ्यावर: टाकीतला जीव कधीही समुद्रात सोडायचा नाही. मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ 1984 मध्ये दिसलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवे शैवल भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरले, आणि हिंदी-प्रशांत महासागरातला सिंहमासा 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसल्यानंतर संपूर्ण कॅरिबियन समुद्रात पसरून तिथल्या माशांच्या पिल्लांचा काळ ठरला; या दुसऱ्या आक्रमणाचे मूळ टाक्यांतून सोडलेले मासे हेच असल्याचे मानले जाते. कंटाळलेल्या पालकाची दया समुद्राला अशी महाग पडते.

टाकीतून समुद्राला काय मिळते?

जोपासक : समुद्राला टाकीने दिलेलेही काही आहे. प्रवाळे वर्षातून ठरावीक रात्री, ऋतू आणि चंद्र पाहून, अंडी व शुक्र यांचे गुलाबी मणी पाण्यात सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचा सूर्य, दिव्यांचा चंद्र आणि तापमानाचे वार्षिक चक्र टाकीत लावून प्रवाळांचे प्रजनन अपेक्षित वेळी घडवून आणले. फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये 2019 मध्ये अटलांटिकमधल्या स्तंभप्रवाळाने टाकीत बीजे सोडली. 2014 पासून फ्लोरिडाच्या भित्तींवर पसरलेल्या ऊतीनाशक रोगापासून वाचवलेली प्रवाळे अमेरिकेतल्या अनेक मत्स्यालयांत आज जपली जात आहेत. स्किमर, अल्कता, फांदी कापून वसाहत वाढवणे, ही सारी कौशल्ये घरोघरच्या छंदी माणसांनी घासूनपुसून तयार केली आणि मग ती संवर्धनाच्या कामी आली.

अभ्यासक : ही देणगी नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्राचे पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतली शैवले बाहेर टाकते आणि मऊ देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात, आणि ते लांबले की प्रवाळ उपासमारीने मरते. एप्रिल 2024 मध्ये जागतिक विरंजनाची चौथी घटना अधिकृतपणे घोषित झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या भित्तीही पांढऱ्या पडल्या. टाकीला चिलर आहे, लक्षद्वीपला नाही. आणि कोळशाच्या विजेवर चालणारा प्रत्येक चिलर बाहेरच्या समुद्राच्या ज्वरात आपला कण मिळवतोच.

जोपासक : ज्याने आपल्या टाकीत 31 अंशांना प्रवाळाचा रंग उतरताना पाहिला असेल, त्याला लक्षद्वीपची बातमी निव्वळ बातमी वाटत नाही. हे मूल्य लहान नाही.

अभ्यासक : लहान नाही, पण ते मिळवण्यासाठी प्रवाळ घरात असणे अनिवार्यही नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे 1987 मध्ये घोषित झाले, पाण्यावर तरंगत मुखवट्यातून खाली पाहता येते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे, तो सहजी दिसत नाही. परंतु खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीनंतरच्या मोठ्या ओहोटीत, गाळाने गढुळलेल्या डबक्यांत, तळहाताएवढ्या वसाहती उघड्या पडतात. दिवसातून काही तास ऊन, गाळ आणि सांडपाणी सोसूनही त्या जगतात. त्यांना पाहण्यासाठी भरती-ओहोटीचे पंचांग वाचता यावे लागते आणि पाय जपून टाकावे लागतात, एवढेच.

निर्णय

वादाच्या अखेरीस दोन्ही पक्षांना मान्य होणारा भाग बराच मोठा उरतो. भारतीय घरात खाऱ्या पाण्याची टाकी सुरू करायची असेल, तर तिचा क्रम ठरलेला असावा: आधी जागा, वजन आणि वीज यांची खात्री, मग शुद्ध पाणी, मोजलेली लवणता आणि भट्टीचे किंवा सिमेंटचे दगड, मग सहा आठवड्यांचे रिकामे दिसणारे पाणी, ज्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येताना वहीत दिसतात, आणि त्यानंतर पैदास केंद्रातून आलेल्या विदूषक माशांची एक जोडी. कायद्याने संरक्षित प्रवाळ या क्रमात येत नाही, आणि मऊ प्रवाळे किंवा परदेशी जीव यांबाबत लेखी कागद हाती असल्याखेरीज पाऊल टाकणे योग्य नाही. टाकीतल्या प्रत्येक जीवाविषयी, तो कोठून आला आणि कोणाच्या हातून आला, हे सांगता आले पाहिजे. ज्याच्याविषयी सांगता येत नाही तो जीव, कितीही सुंदर असला, घरात येऊ नये.

मतभेदाचाही एक भाग शिल्लक राहतो आणि तो झाकण्याचे कारण नाही. जोपासकाच्या मते सांभाळल्याशिवाय माणूस ओळखत नाही. अभ्यासकाच्या मते ओळखण्यासाठी ताबा लागत नाही. परंतु ज्या माणसाने सहा आठवडे मासा नसलेल्या पाण्याची रोज नोंद ठेवली, थेंबाथेंबाने बदलणारा रंग पाहिला आणि उडालेले चार लिटर पाणी मोजून भरले, त्याला एक गोष्ट नक्की उमगलेली असते: ज्या कामासाठी त्याला दिवसरात्र राबावे लागले, ते काम वरळीच्या डबक्यातले तळहाताएवढे प्रवाळ आणि त्याच्याभोवतीचा समुद्र कोणाच्याही मदतीवाचून करत आले आहेत. त्या डबक्याला पायदळी न तुडवता ओलांडणे, आणि त्याच्यावर भराव पडू लागला तर ‘तेथे काहीही नव्हते’ हे म्हणणे मान्य न करणे, एवढे जर त्या टाकीने शिकवले, तर पूर्वपक्षाचा दावा सिद्ध झाला असे उत्तरपक्षालाही म्हणावे लागेल.